डेस्कटॉपवरची फाइल नेमकी असते कुठे?

महोदय,

विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि घरांतले, शाळांतले, सेवा केंद्रांतले संगणक विंडोज ११ वर जाऊ लागले. 'माझी फाइल इथेच ठेवली होती, ती गेली कुठे?' हा प्रश्न त्यानंतर वारंवार विचारला जातो. विचारणाऱ्याला संगणक येत नाही, असे म्हणून तो उडवून लावणे अन्यायाचे आहे.

विंडोज एक्सपी किंवा ७ मध्ये घरच्या संगणकाचा डेस्कटॉप म्हणजे त्याच संगणकाच्या सी ड्राइव्हवरचे एक साधे फोल्डर होते. आता मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन करून नवा संगणक सुरू केला, की बहुतेक वेळा डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स ही तिन्ही फोल्डर वनड्राइव्हच्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरील साठवण सेवेशी जोडलेल्या, फोल्डरात हलवली जातात. पडद्यावर काहीच बदललेले दिसत नाही. मोफत जागा मात्र ५ जीबीच असते. लग्नाचे फोटो टाकले की ती भरते आणि 'जागा संपली' असे संदेश सुरू होतात. मग माणूस ब्राउझरमध्ये वनड्राइव्ह उघडून फाइली पुसतो, आणि त्याच फाइली संगणकावरूनही जातात, कारण नाव 'बॅकअप' असले तरी तो दोन्हीकडचा मेळ (सिंक) असतो. अशा वेळी घाबरू नये. वनड्राइव्हच्या संकेतस्थळावर रिसायकल बिन असते, तिथून वैयक्तिक खात्यातल्या फाइली साधारण ३० दिवसांपर्यंत परत आणता येतात.

ही सोय नको असेल तर क्रम महत्त्वाचा आहे. आधी वनड्राइव्ह फोल्डरातल्या सगळ्या फाइली निवडून राइट क्लिक करावे आणि 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' निवडावे. ढगाचे चिन्ह जाऊन हिरवी खूण येईपर्यंत थांबावे. मग सगळे पेन ड्राइव्हवर उतरवावे. त्यानंतरच घड्याळाजवळच्या ढगावर क्लिक करून सेटिंग्ज, सिंक अँड बॅकअप, मॅनेज बॅकअप असे जात फोल्डरांची बटणे बंद करावीत. घाईने आधीच बंद केले तर डेस्कटॉप रिकामा दिसू शकतो. फाइली बहुधा वनड्राइव्हच्याच फोल्डरात असतात, पण पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो.

दुसरी अडचण स्टार्ट बटणाची. एक्सपीत माउस डोळे झाकून डाव्या खालच्या कोपऱ्यात ढकलला तरी बटण सापडायचे. विंडोज ११ मध्ये चिन्हे मधोमध असतात, त्यामुळे नवा प्रोग्रॅम उघडला की स्टार्ट बटण थोडे डावीकडे सरकते. हाताला जागेची सवय लागणार तरी कशी? टास्कबारवर राइट क्लिक करून टास्कबार सेटिंग्ज, टास्कबार बिहेवियर्स इथे अलाइनमेंट 'लेफ्ट' करावी. हवामान-बातम्या दाखवणारी विजेट्सही टास्कबार सेटिंग्जमध्येच बंद होतात. राइट क्लिकची जुनी, पूर्ण यादी शिफ्ट दाबून राइट क्लिक केले की मिळते.

जुने सगळेच सोपे होते असे नाही. एक्सपीवर युनिकोड (सगळीकडे सारखीच वाचता येणारी) मराठी उमटवण्यासाठी रीजनल सेटिंग्जमध्ये वेगळी खूण करून बहुधा मूळ सीडी घालावी लागे. आज भाषा जोडली की इनस्क्रिप्ट हा भारतीय भाषांचा प्रमाण कळफलक मिळतो. हा बदल खरोखर मोलाचा आहे.

संगणक मंद वाटत असेल तर पारदर्शकता आणि हलती चित्रे बंद करावीत. मात्र परफॉर्मन्स ऑप्शन्समध्ये 'बेस्ट परफॉर्मन्स' निवडल्यावर 'स्मूद एजेस ऑफ स्क्रीन फाँट्स' ही खूण पुन्हा करावी, नाहीतर मराठीतल्या वेलांट्या आणि जोडाक्षरे दातेरी दिसून वाचणे जड जाते. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क सतत १०० टक्क्यांवर दिसत असेल तर दोष बहुधा फिरत्या हार्ड डिस्कचा असतो. २५६ जीबीची साटा एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवल्याने जो फरक पडतो, तो कोणत्याही सेटिंगने पडत नाही.

विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय संगणकात असावी लागते, त्यामुळे अनेक धडधाकट संगणक बाद ठरतात. त्यांवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट या मोफत प्रणालीची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती ४ जीबी रॅममध्ये नीट चालते. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, डेस्कटॉपवरची फाइल डिस्कवरच. तिथे टॅली किंवा डिजिटल स्वाक्षरीचे टोकन वापरायचे असेल तर आधी मिंट संगणकात न बसवता पेन ड्राइव्हवरून सुरू करून खात्री करावी.

विक्रेत्यांना विनंती आहे की संगणक ताब्यात देण्यापूर्वी वनड्राइव्हचा बॅकअप चालू ठेवायचा का, हे ग्राहकाला मराठीत विचारावे आणि फाइली कुठे साठतात ते कागदावर लिहून द्यावे. प्रशिक्षण केंद्रांनीही वर्ड-एक्सेलच्या आधी पहिला तास याच गोष्टीला द्यावा.

— एक संगणक तंत्रज्ञ