आत्या आणि अतिया

ऑस्टिन, टेक्सास

प्रिय आत्या,
सा. न.

तू व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलंस की तिकडे नेमकं काय शिकतेस गं, आणि मी नुसतं 'इतिहास' टाइप करून अंगठा पाठवला, तेव्हापासून मलाच चुटपुट लागलीय. म्हणून हे लांबण. बाबांना प्रिंट काढून द्यायला सांग, फोनवर वाचत बसू नकोस.

इथे गेल मिनॉल्ट म्हणून इतिहासाच्या प्रोफेसर होत्या, आता रिटायर झाल्यात. खिलाफत चळवळीवरचं त्यांचं पुस्तक १९८२ चं, आणि मी सध्या ज्याच्यात बुडालेय ते १९९८ चं, 'सिक्लूडेड स्कॉलर्स', म्हणजे पडद्यातल्या विदुषी म्हण. इंग्रजांच्या काळात मुसलमान मुलींच्या शिक्षणासाठी कोण कोण धडपडलं ते सगळं. मला वाटलेलं सरकारी रिपोर्ट नि ठराव असणार, तर बाईंनी बायकांची जुनी उर्दू मासिकं पिंजून काढलीत.

त्यातलं एक तुला आवडेल. सय्यद मुमताज अली, देवबंदला शिकलेले, त्यांनी बायकांच्या हक्कांवर 'हुकूक-ए-निसवाँ' लिहिलं, पुरुष श्रेष्ठ ही समजूत कुराणाचा आधार घेऊनच खोडून काढली, आणि हस्तलिखित दाखवायला गेले कोणाकडे तर सर सय्यद अहमद खानांकडे. अलीगढचं कॉलेज काढणारा एवढा मोठा सुधारक, पण वाचता वाचता असा भडकला की कागद फाडून टोपलीत! तेवढ्यात जेवणाची वर्दी आली, सर सय्यद उठून गेले, आणि ह्यांनी टोपलीतून कागद उचलले. छापलं मात्र सर सय्यद गेल्यावरच, १८९८ ला. भिडस्तपणा बघ केवढा. त्याच साली लाहोरला त्यांनी 'तहजीब-ए-निसवाँ' साप्ताहिक काढलं आणि संपादक कोण, तर त्यांची बायको मुहम्मदी बेगम.

सगळेच असे नव्हते हां. नझीर अहमदांची १८६९ ची 'मिरात-उल-उरूस' कादंबरी आहे, सरकारने हजार रुपये बक्षीस दिलेलं, त्यात दोन बहिणी, अकबरी वेंधळी आणि असगरी शिकलेली, हिशेबी, घर सावरणारी. म्हणजे शिकायचं कशासाठी तर सासर नीट चालावं म्हणून! आपल्याकडच्या जुन्या 'सुगृहिणी' छापाच्या पुस्तकांहून काय वेगळं सांग. पण ह्याच रस्त्याने का होईना मुलींच्या हातात पुस्तक आलं, १९०६ ला अलीगढमध्ये शेख अब्दुल्ला आणि त्यांच्या बायकोने शाळा काढली तेव्हा मुली झाकलेल्या डोलीतून यायच्या, पण यायच्या.

आता मेन गोष्ट. लेक्चरमध्ये कोणीतरी 'अतिया' म्हणालं आणि मला चक्क 'आत्या' ऐकू आलं, मी दचकले! अतिया फैजी, मुंबईच्या तय्यबजी घराण्याच्या गोतावळ्यातली, १९०६ ला लंडनला टीचर्स ट्रेनिंगला गेली, तब्येतीमुळे कोर्स अर्धवट सोडून परत आली, पण तिथून घरी डायरी लिहून पाठवायची आणि ती त्या लाहोरच्या साप्ताहिकात छापून यायची. आणि तिची थोरली बहीण नाझली कोण माहितीये? जंजिऱ्याच्या नवाबाची बेगम! आपल्या मुरुडची! १९०८ ला युरोप फिरून आली आणि तिनेही उर्दूत प्रवासवर्णन लिहिलं.

एसटीच्या खिडकीतून नवाबाचा राजवाडा मी शंभरदा बघितला असेल, तू तर तीस वर्षं शाळेत जाता-येता, आणि पाहुणे आले की आपण किल्ला, तोफा, कलालबांगडी एवढंच सांगतो. वाड्यातली बाई पुस्तक लिहीत होती हे मला टेक्सासमध्ये कळावं! लाजच वाटली, खरं सांगते.

तर एक काम कर. तुझ्या शाळेतल्या त्या उर्दूच्या बाई अजून मुरुडातच असतील ना, त्यांना विचार की कोणाच्या माळ्यावर, पेटीत बायकांची जुनी उर्दू मासिकं पडलीत का, वाळवी लागलेली असली तरी चालतील. रद्दीत घालू नका म्हणावं. सापडली तर कव्हरचा आणि पहिल्या पानाचा फोटो पाठव, पण उजेडात काढ, गेल्या वेळी नुसता तुझा अंगठा आला होता. आणि आईला सांग कुळथाचं पीठ पोचलं, पिशवी फुटून निम्मं बॅगेत सांडलं होतं, तेही गोळा केलं.

तुझी,
चिमी