चांदीच्या पाण्यासाठी भंगारातले ट्रान्सफॉर्मर: ऊर्जामंत्र्यांना खुले पत्र

मा. ऊर्जामंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई यांस,

महोदय,

आम्ही मुंबईत वायरिंगची आणि घरगुती उपकरणांच्या दुरुस्तीची कामे करणारे तारतंत्री व पर्यवेक्षक आहोत. ‘चांदीचे पाणी’, म्हणजे कोलॉइडल सिल्व्हर, घरीच करण्याची कृती मोबाइलवर फिरते: ग्लासभर पाण्यात चांदीच्या दोन तारा सोडायच्या आणि त्यांना डीसी वीज जोडायची. ही वीज भंगारातल्या उपकरणांचे भाग वापरून घ्या, असे सांगितले जाते तिथेच माणूस मरू शकतो, म्हणून हे पत्र.

सगळ्यांत फसवा आहे फ्रिजचा जुना स्टॅबिलायझर. त्यात बहुधा ऑटोट्रान्सफॉर्मर असतो, म्हणजे सप्लायची आणि आउटपुटची गुंडाळी एकच. दोन टॅपिंगमध्ये, म्हणजे गुंडाळीतून बाहेर काढलेल्या दोन टोकांमध्ये, मल्टीमीटर लावला की २० व्होल्ट दिसतात आणि करणारा निर्धास्त होतो. पण त्यातले कुठलेही एक टोक आणि जमीन यांच्यामध्ये जवळजवळ पूर्ण २३० व्होल्ट असू शकतात. टू-पिन प्लग उलटा बसला की फेज-न्यूट्रलची अदलाबदल होते, त्यामुळे काल शॉक लागला नाही म्हणून आज लागणार नाही, असे नसते. ओल्या मोरीजवळ अनवाणी उभे राहून त्या ग्लासला हात लावणे म्हणजे फेजला हात लावणे.

आरसीसीबी, म्हणजे वीज जमिनीकडे गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, वाचवील म्हणावे, तर चांदीसाठी डीसी लागतो, म्हणून मध्ये डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) किंवा चार डायोडांचा ब्रिज घातलेला असतो. त्यापुढची गळती अर्धलहरी, एकाच दिशेची होते. जुन्या बोर्डांत सर्रास दिसणारा ‘एसी’ टाइपचा ३० मिलिअँपिअर आरसीसीबी तिच्यावर पडेलच याची खात्री नसते. त्यासाठी ‘ए’ टाइप हवा. चाळींतल्या कित्येक खोल्यांत तर फक्त फ्यूज किंवा एमसीबी असतो, आणि १६ अँपिअरच्या एमसीबीला माणसाच्या अंगातून जाणारा ०.१ अँपिअर जाणवतसुद्धा नाही.

सिरीजमध्ये १५ वॉटचा बल्ब लावला की करंट मर्यादित राहतो, हा समजही घातक आहे. पेटलेल्या बल्बचा रोध साधारण ३,५०० ओहम, म्हणजे ६५ मिलिअँपिअरपर्यंत सहज जाऊ शकतात. थंड तंतूचा रोध याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असतो, त्यामुळे पहिला झटका आणखी मोठा. हात तारेला चिकटायला १० मिलिअँपिअरच्या आसपासचा प्रवाह पुरतो.

मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर तर कोणी घरी उघडूच नये. त्याची सेकंडरी, म्हणजे आउटपुटची गुंडाळी, सुमारे २,००० व्होल्ट देते आणि तिचे एक टोक गाभ्याला, म्हणजे बॉडीला जोडलेले असते. तिथे शॉक लागला तर प्रायमरीकडे, म्हणजे सप्लायच्या गुंडाळीकडे, फेज आणि न्यूट्रलचा करंट सारखाच राहतो, त्यामुळे आरसीसीबी पडत नाही. कॅपॅसिटरच्या आतला १० मेगाओहमचा रोधक तुटला असेल, तर प्लग काढल्यावरही चार्ज टिकून राहतो.

शाळेत विद्युत अपघटन दाखवायला ९ व्होल्टची बॅटरी पुरते, २३० व्होल्टशी संबंधच नको. आणि ते पाणी प्यायचे तर मुळीच नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९९ मध्येच कोलॉइडल सिल्व्हर असलेली, दुकानातून थेट मिळणारी औषधे सुरक्षित व परिणामकारक मानता येत नाहीत, असे ठरवले. चांदी अंगात साठली की कातडी निळसर-राखाडी होते, आणि तो रंग सहसा जात नाही.

आमच्या मागण्या: विद्युत निरीक्षकांनी स्टॅबिलायझर, सिरीज बल्ब आणि मायक्रोवेव्ह या तिन्हींबद्दल मराठी-हिंदी सूचना काढावी आणि बेस्ट, अदानी, टाटा व महावितरणने ती बिलासोबत घरोघरी पोहोचवावी. मायक्रोवेव्हचे ट्रान्सफॉर्मर भंगारात सुटे, चालू स्थितीत विकले जाऊ नयेत; सेकंडरीची गुंडाळी कापूनच तांबे-लोखंड वेगळे करावे. यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाशी बोलावे लागेल. चांदीच्या पाण्याने रोग बरे होतात असे सांगणाऱ्या जाहिरातींवर अन्न व औषध प्रशासनाने कारवाई करावी, यासाठी आपण संबंधित मंत्र्यांकडे आग्रह धरावा. आणि जुन्या इमारतींच्या रिवायरिंगमध्ये ‘ए’ टाइपचा आरसीसीबी सक्तीचा करावा.

सूचनेचा मसुदा लिहून द्यायला आम्ही तयार आहोत.

कळावे,
आपले नम्र,
मुंबईतील तारतंत्री व विद्युत पर्यवेक्षक