'लॉरा' न्वार कसा?

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला फिल्म न्वारवरचा, म्हणजे गुन्हा, मोह आणि अधोगती यांच्या काळोख्या चित्रपटांवरचा, लेख वाचला. त्यातल्या यादीत ऑटो प्रेमिंजर यांचा 'लॉरा' (१९४४) अगदी वरच्या नंबरात आहे. सिनेमा माझाही आवडता, पण त्याला न्वार म्हणणं पटत नाही. नीनो फ्रँक या समीक्षकाने १९४६ साली पॅरिसमध्ये हे नाव वापरलं, तेव्हा त्याच्यासमोरच्या मोजक्या अमेरिकी चित्रपटांत 'लॉरा' होता, हे मान्य. म्हणून काय झालं? बारशाला आलेलं प्रत्येक पोर त्या घरचं नसतं.

माझी सगळी नोकरी पोलीस खात्यात गेली, त्यामुळे नजर जाते ती लॉराच्या खुनाचा छडा लावायला आलेल्या पोलीस डिटेक्टिव्ह मॅकफर्सनच्या तपासाकडे. हा गडी संशयितांपैकीच एकाला बरोबर घेऊन जबाब घेत हिंडतो. मेलेल्या बाईच्या घरात रात्री तिची पत्रं चाळतो, तिचीच दारू पितो, तिच्या तैलचित्राखाली खुर्चीत झोपतो. प्रेताचा चेहरा छर्‍यांनी उडालेला, तरी ती लॉराच असं सगळे धरून चालतात. आणि पावसाच्या रात्री लॉरा स्वतः दारात हजर! (ऐंशी वर्षांचा सिनेमा आहे, रहस्य फोडलं म्हणून कुणी रागावू नये.) कळस म्हणजे घड्याळाच्या पोटात खुनाची बंदूक सापडते, तर पंचनामा राहिला बाजूला, हा ती परत आत ठेवतो. म्हणे सकाळी घेऊन जाऊ! आमच्याकडे एवढ्यावर खातेनिहाय चौकशी लागली असती.

खुनी अर्थातच त्या बंदुकीसाठी परत येतो. लॉरा थोडक्यात वाचते. मॅकफर्सनवर ठपका नाही, उलट प्रेम सफल. माझा आक्षेप आहे तो इथे. न्वारमध्ये माणूस घसरला की त्याची वसुली होतेच. त्याच वर्षीच्या बिली वाइल्डर यांच्या 'डबल इन्डेम्निटी'त विमा एजंट नेफ सुरुवातीलाच, खांद्यात गोळी घेऊन, डिक्टाफोनपुढे गुन्हा कबूल करतो. खून कोणी केला हा प्रश्नच उरत नाही. बाईच्या आणि पैशाच्या नादाने हुशार माणूस कसा बुडाला आणि शेवटी दोन्ही कसं हातचं गेलं, तेवढंच बघायचं.

'लॉरा'चा पूर्वार्ध मात्र मी न्वारला बिनतक्रार देऊन टाकीन. तपास अधिकारी मेलेल्या बाईच्या प्रेमात पडतो, याहून काळोखी गोष्ट कोणती? ती परतल्यावरही ठाण्यातला प्रसंग आहे. तोंडावर प्रखर दिवे सोडून तो तिला प्रश्न विचारतो, आणि तिने तक्रार करताच दिवे बंद करतो. संशयिताच्या सोयीने दिवे विझवणारा अधिकारी कामातून गेला, हे खात्यातला कुणीही सांगेल. पण दिग्दर्शकाला त्याला बुडवायचंच नाही.

जाक टर्नर यांच्या 'आउट ऑफ द पास्ट'मधला (१९४७) डिटेक्टिव्हसुद्धा शोधायला पाठवलेल्या बाईच्याच प्रेमात पडतो, आणि त्यापायी जिवानिशी जातो. तो सिनेमा आपल्या यादीत नाही. 'लॉरा'च्या जागी तो घ्यावा, ही विनंती.

– एक निवृत्त पोलीस उपनिरीक्षक, सातारा