बिघडल्यावर गप्प बसणारे संकटसूचक यंत्र : कंपनीकडे तक्रार

प्रति,
विभागप्रमुख, ग्राहक सेवा

विषय : एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांसाठीच्या संकटसूचक यंत्रातील (बेस युनिट म्हणजे फोन लावणारा मुख्य संच, गळ्यातले बटण आणि मोबाइल ॲप) दोषांबाबत तक्रार

महोदय / महोदया,

आपले यंत्र एकट्या राहणाऱ्या वृद्ध व्यक्तीच्या घरी बसवले आहे. बसवताना बटण दाबले, भोंगा वाजला, फोन लागला. सगळे ठीक होते, हे मान्य. तक्रार वेगळी आहे. या यंत्राचा कुठलाही भाग निकामी झाला तरी ते कोणाला कळू देत नाही. पंखा बंद पडला की उकडते, म्हणून लगेच कळते. हे यंत्र महिनोन्‌महिने वापरायची वेळच येत नाही. त्यामुळे ते बंद आहे हे कळते ते माणूस पडल्यावर.

आधी बेस युनिटवरचा हिरवा दिवा. माहितीपुस्तिकेत ‘हिरवा म्हणजे यंत्र सज्ज’ असे छापले आहे. सिम काढून ठेवले तरी तो हिरवाच राहतो. म्हणजे प्लगमध्ये वीज आहे, यापलीकडे त्याला काही ठाऊक नाही. ॲपची तीच तऱ्हा. यंत्राचा सर्व्हरशी संपर्क तुटल्यावरही ‘सुरक्षित’ ही पट्टी झळकत राहते, कारण ॲप शेवटची मिळालेली स्थिती दाखवते आणि ती कधीची आहे हे सांगत नाही. दूर राहणारी मुले ती पट्टी पाहून निश्चिंत होतात. ॲप नसते तर निदान त्यांनी एक फोन तरी केला असता.

यावर उपाय नवा नाही. बेस युनिटने ठरावीक वेळाने सर्व्हरला ‘चालू आहे’ असा संदेश धाडायचा, आणि तो आला नाही तर सर्व्हरने नातेवाइकांना आपणहून कळवायचे. बंद पडलेले यंत्र स्वतःच्या बिघाडाची बातमी देऊ शकत नाही. ती समोरच्या टोकानेच ओळखावी लागते.

गळ्यातल्या बटणातही हाच दोष आहे. त्यात सीआर2032 हा 3 व्होल्टचा लिथियम सेल आहे. या सेलचा व्होल्टेज बराच काळ जवळपास तेवढाच राहतो आणि शेवटी झपकन उतरतो. शिवाय सेल जुना होईल तसा त्याचा अंतर्गत रोध वाढतो. नुसता मोजला तर आकडा चांगला दिसतो, पण रेडिओ सिग्नल पाठवायला जास्त करंट लागला की व्होल्टेज कोसळतो. अर्धवट वापरलेला सेल घालून पाहावे : बटणावरचा लाल दिवा लुकलुकतो, ॲपमध्ये बॅटरी ‘चांगली’ दिसते, आणि बेस युनिट मात्र गप्प. सेलची तपासणी सिग्नल जात असतानाच, म्हणजे भार असताना, व्हायला हवी. आणि तो लाल दिवा फक्त बटण दाबले गेल्याचे सांगतो. सिग्नल पोहोचल्याची पोच बटणाकडे परत येत नाही. जमिनीवर पडलेल्या माणसाने कशावर विश्वास ठेवायचा?

सर्वांत गंभीर बाब फोनच्या क्रमाची. यादीत चार क्रमांक भरता येतात आणि पहिल्याने उचलला नाही तर दुसऱ्याला फोन जातो. पण पहिल्या क्रमांकावर व्हॉइसमेल लागला, तर यंत्र ‘फोन उचलला’ असे धरून तिथेच थांबते. पुढच्या तिघांना काहीच कळत नाही. उचलणाऱ्याने ‘1’ दाबून खात्री दिल्याशिवाय साखळी थांबता कामा नये. पडल्यावर तासाभराहून जास्त वेळ जमिनीवर राहावे लागले तर हाड मोडलेले नसले तरी धोका वाढतो : शरीराच्या भाराखाली दबलेले स्नायू मोडून त्यांतले घटक रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडांना इजा करू शकतात, शरीरातले पाणी कमी होते, अंग गार पडते, कातडीला दाबव्रण पडतात. एका व्हॉइसमेलपायी हे होऊ द्यायचे का?

खोक्यावर ‘वीज गेल्यावरही 24 तास’ असे लिहिले आहे. बेस युनिटमधली बॅटरी तेवढी टिकतही असेल. पण यंत्र वायफायवर जोडले असेल तर वीज जाताच राउटर बंद होतो आणि भरलेल्या बॅटरीचा उपयोग शून्य. पुस्तिकेत याचा उल्लेखही नाही. वायफाय गेल्यावर यंत्राने आपोआप सिमवर जायला हवे. ते जात नाही.

आता न्हाणीघर. खोक्यावर शॉवरखाली उभे असलेले, गळ्यात बटण घातलेले हसरे आजोबा आहेत. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर, बारीक टाइपात, बटणाचा धूळ-पाणी रोखण्याचा दर्जा आयपी44. दुसरा 4 म्हणजे फक्त शिंतोड्यांपासून बचाव. आंघोळीला निदान आयपी67 हवा, ज्याची चाचणी 1 मीटर पाण्यात 30 मिनिटे बुडवून होते. चित्र खरे मानणाऱ्याचे बटण पाणी शिरून निकामी होणार. पुस्तिका वाचणारा ते काढून खुंटीला अडकवणार, आणि ओल्या फरशीवर पडल्यावर ती खुंटी हाताच्या टप्प्याबाहेर असणार. बटण जलरोधक करता येत नसेल, तर जमिनीपासून सुमारे 10 सेंमीवर कडी येईल अशी ओढायची दोरी सोबत द्या.

‘पडणे हमखास ओळखते’ ही जाहिरात मागे घ्यावी. आतला प्रवेगमापक (वेगातला बदल मोजणारा भाग) आधी मोकळे पडणे, मग आदळणे, मग निश्चल राहणे असा क्रम शोधतो. खुर्चीवरून हळूहळू घसरत खाली येणारा माणूस यात बसत नाही, कारण आदळण्याचा झटकाच नसतो. आणि वृद्धांचे पडणे बरेचदा असेच असते. उलट बटण टेबलावर आपटले की भोंगा वाजतो. तो रद्द करायला 20 सेकंद मिळतात, पण आवाज इतका टिपेचा आहे की वयोमानाने ज्या पट्टीतले ऐकू येणे आधी कमी होते, नेमका त्याच पट्टीत तो बसतो. भोंगा 520 हर्ट्झच्या आसपास, खालच्या सुरात आणा.

गळ्यातल्या दोरीला झटक्याने सुटणारी कळ नाही. पलंगाच्या कठड्यात अडकली तर फास बसेल. ती तातडीने बदलून हवी.

व्हॉइसमेलचा दोष आणि ‘चालू आहे’ हा संदेश या दोन्ही गोष्टी सॉफ्टवेअर अद्ययावत करून 30 दिवसांत द्याव्यात, अन्यथा यंत्र परत घेऊन पूर्ण रक्कम परत करावी. लेखी उत्तर 15 दिवसांत अपेक्षित आहे. आपल्या कॉल सेंटरने सुचवलेला ‘बंद करून पुन्हा चालू करा’ हा उपाय कृपया पुन्हा सुचवू नये.

तोवर दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी न्हाणीघरातून बटण दाबून चाचणी होईल, पहिला क्रमांक मुद्दाम न उचलता दुसऱ्याला फोन जातो का हे पाहिले जाईल, आणि प्रत्येक निकालाची नोंद आपल्याला ईमेलने येत राहील.

आपला,
एक ग्राहक

सोबत : खरेदीच्या पावतीची प्रत, यंत्राचा अनुक्रमांक, सिम काढल्यावर व जुना सेल घातल्यावर घेतलेल्या चाचण्यांचे व्हिडिओ