सरकारी कचेऱ्यांतल्या हवेविषयी : मार्ग व मकान मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्री महोदय,
मार्ग व मकान विभाग, गुजरात राज्य, गांधीनगर

सादर नमस्कार.

हरित इमारत म्हटली की छतावरचे सौर पॅनेल आणि विजेच्या बिलातली बचत यांचा हिशेब होतो; तिथे दिवसभर बसणारा माणूस कोणती हवा घेतो, हे क्वचितच विचारले जाते. बडोद्यात हिशेब तपासण्यात नोकरी संपवलेला कर्मचारी म्हणून मी या एकाच मुद्द्यावर लिहीत आहे.

पारा चाळिशीपार गेल्यावर एसी हवाच, याबद्दल वाद नाही. परंतु साधा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा थंड करून पुन्हा खोलीत सोडतो. आमच्या विभागात गारवा टिकावा म्हणून खिडक्यांच्या फटी चिकटपट्टीने बुजवल्या होत्या आणि एक्झॉस्ट पंख्याच्या तोंडाशी पुठ्ठा ठोकला होता. दुपारी तीननंतर एकच बेरीज दोनदा करावी लागे, जांभया टेबलामागून टेबल सरकत, आणि साहेब त्याला आळस म्हणत.

तो निव्वळ आळस नसावा. हार्वर्डच्या संशोधकांनी 2015 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात 24 कर्मचाऱ्यांना, कोणत्या दिवशी कशी हवा आहे हे न सांगता, कामाला बसवले. नेहमीच्या कचेरीच्या तुलनेत हरित इमारतीसारख्या, म्हणजे रंग-फर्निचरातून निघणारी रसायनांची वाफ कमी असलेल्या, हवेत त्यांचे निर्णयक्षमतेचे गुण 61 टक्क्यांनी जास्त आले आणि ताजी हवा आणखी वाढवल्यावर जवळजवळ दुप्पट झाले. चोवीस माणसे म्हणजे फार नव्हेत, ही शंका रास्तच. मात्र भारतासह सहा देशांतल्या 302 कर्मचाऱ्यांच्या 2021 च्या अभ्यासातही सूक्ष्म धूळ आणि कार्बन डायऑक्साइड वाढला की विचारांचा वेग मंदावतो, असेच दिसले.

ताजी हवा आत घेतली की वीज जास्त लागते, असे आपले अभियंते सांगतील. ते खरे आहे; पण बाहेर टाकल्या जाणाऱ्या थंड हवेने आत येणारी गरम हवा निववणारी यंत्रे बाजारात आहेत, आणि कचेरीच्या खर्चात पगारापुढे वीज किरकोळच असते.

म्हणून विनंती अशी की, नव्या कचेऱ्यांच्या निविदांत गाळलेल्या ताज्या हवेचा पुरवठा ही स्वतंत्र अट असावी, प्रत्येक मजल्यावर सर्वांना दिसेल असा कार्बन डायऑक्साइड मीटर लावावा, आणि हरित असल्याचे प्रमाणपत्र मिळालेल्या इमारतीतही ऐन उन्हाळ्यात, खुर्च्या भरलेल्या असताना, मोजणी व्हावी. जुन्या कचेऱ्यांपुरते बोलायचे तर बंद पडलेले एक्झॉस्ट पंखे सुरू करण्याचा आदेश याच महिन्यात निघू शकतो.

आपला विश्वासू,
एक निवृत्त हिशेब तपासनीस, बडोदे