डावाला तोड असते

सांगली

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी रात्री तू पुण्याला गेलास आणि सोमवारी सकाळी काकांचा धाकटा माझ्याजवळ येऊन विचारू लागला, "मोठे काका, दादा माझ्यावर अजून रागावलाय का?" तो अकरा वर्षांचा आहे. शनिवारी त्याने तुला लागोपाठ तीनदा हरवले, तेव्हा तू कंट्रोलर पलंगावर आपटलास, "एकच चाल पुन्हा पुन्हा करून कोणीही जिंकेल" असे म्हणालास आणि निघून गेलास. मी दारातच उभा होतो. त्याच वेळी बोललो असतो, तर सर्वांसमक्ष तुझा अपमान झाला असता, म्हणून हे लिहीत आहे.

व्हिडिओ गेमला मी नावे ठेवणार नाही. 'स्ट्रीट फायटर टू' हा पडद्यावर दोघांनी मारामारी करण्याचा गेम १९९१ साली आला आणि त्यानंतर एक-दोन वर्षांत, मी कॉलेजात असताना, इथल्या स्टँडजवळच्या एका पार्लरमध्ये माझे कितीतरी रुपये त्यात गेले. तिथे जिंकणारा यंत्रापुढून हलत नसे. हरणाऱ्याने बाजूला व्हायचे आणि पुन्हा खेळायचे असेल तर नवे नाणे टाकून पाळीची वाट पाहायची, अशी रीत होती. मागे उभी असलेली मुले सारे पाहत असत, त्यामुळे हार खिशालाही लागे आणि मनालाही. गेममध्ये बचाव करत बसलेल्या खेळाडूला धरून आपटणे आम्ही लबाडी मानत असू. माझ्याच वयाचा एक मुलगा मला नेहमी तसाच हरवी. एके दिवशी मी त्याची कॉलर धरली आणि नको ते बोललो. त्यानंतर तो पार्लरमध्ये कधीच दिसला नाही. त्याची माफी मागायची राहून गेली, याची खंत मला अजूनही आहे.

फार उशिरा मला कळले, की त्यात लबाडी नव्हतीच. बचावाने फटका अडतो, धरून आपटले की बचाव मोडतो आणि धरायला येणाऱ्याला वेळीच फटका मारला की तो फसतो. हा खेळ या तीन गोष्टींवरच उभा आहे. मी फक्त बचाव करत होतो आणि तो मला ते दाखवून देत होता. आपल्याकडे तालमीत वस्ताद सांगतात, की प्रत्येक डावाला तोड असते. ज्या क्षणी आपण समोरच्याच्या डावाला लबाडी म्हणतो, त्या क्षणी तोड शोधणे थांबते, आणि रागाचे खरे नुकसान मला हेच वाटते. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये सहावे आले. मातीत वाढलेल्या त्या पैलवानाला मॅटची सवय नव्हती. ती करून घेऊन १९५२ साली त्यांनी हेलसिंकीत कांस्यपदक मिळवले.

तुमच्या खेळातलेही एक उदाहरण आहे. २००४ साली कॅलिफोर्नियातील इव्हो या अशाच मारामारीच्या गेमच्या स्पर्धेत जपानच्या दाइगो उमेहाराची शक्ती इतकी थोडी उरली होती, की अमेरिकेच्या जस्टिन वाँगचा मोठा डाव नुसता अडवला असता तरी उमेहारा संपला असता, कारण असा डाव अडवला तरी थोडी शक्ती जातेच. त्याने त्या डावाचे पंधराही फटके, प्रत्येक वेळी नेमक्या क्षणी लिव्हर पुढे ढकलून, परतवले आणि तो सामना जिंकला. त्या फटक्यांची लय आधी घोटून ठेवल्याशिवाय हे होत नाही. तोच उमेहारा त्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात केंजी ओबाताकडून हरला, आणि वाँगने पुढेही अनेक स्पर्धा जिंकल्या.

राग येऊच नये असे मी म्हणत नाही. आला तर कंट्रोलर खाली ठेव, पाणी पी, दहा मिनिटे गच्चीवर जा. पण रात्री हेडफोन लावून अनोळखी मुलांना तू ज्या शिव्या देतोस, त्या भिंतीपलीकडे तुझ्या आईला ऐकू येतात, हे तुला ठाऊक असायला हवे.

धाकट्याला मी सांगितले, की दादा रागावलेला नाही. त्यावर तो म्हणाला, "मग पुढच्या वेळी मी मुद्दाम हरतो." हे ऐकल्यापासून माझ्या मनाला चैन नाही. या शनिवारी त्याला फोन कर आणि ती चाल तो कशी करतो, हे त्याच्याकडूनच शिकून घे.

तुझा,
बाबा