विंचीतली यंत्रे लिओनार्दोच्या हातची नव्हेत

संपादक महोदय,

पर्यटन पुरवणीतल्या इटलीवरच्या लेखात विंची गावच्या संग्रहालयात ‘लिओनार्दोने स्वतः बनवलेली यंत्रे’ पाहायला मिळतात, असे छापले आहे. ते चूक आहे. ग्विदी सरदारांच्या गढीत १९५३ साली उघडलेल्या या संग्रहालयातली यंत्रे त्याच्या टिपणवह्यांतल्या चित्रांवरून आधुनिक काळात घडवलेली मॉडेल्स आहेत. आणि चित्र वाचणारा चुकू शकतो.

स्वयंचलित गाडीचेच पाहा. ‘कोदेक्स अटलांटिकस’ या लिओनार्दोच्या चित्र-टिपणांच्या संग्रहातल्या ८१२ क्रमांकाच्या पानावर धनुष्यासारख्या दोन कमानी ठळक दिसतात. त्याच गाडी ओढतात, असे समजून अनेक मॉडेल्स बनली, ती चालेनात. खरा जोर खालच्या गोल डब्यांत गुंडाळलेल्या स्प्रिंगांचा, कमानी फक्त वेग आवरतात, हे लिओनार्दोचे अभ्यासक कार्लो पेद्रेत्ती आणि यंत्रमानव-तज्ज्ञ मार्क रोशाइम यांच्या अभ्यासातून पुढे आले. फ्लॉरेन्सच्या विज्ञान-इतिहास संग्रहालयाने २००४ मध्ये त्याबरहुकूम केलेली गाडी चालली.

चिलखती गाडीत उलटे आहे. मूळ चित्रातली दातेरी चाके जशीच्या तशी बसवली तर पुढची चाके एकीकडे, मागची दुसरीकडे फिरतात. म्हणजे चालणारे मॉडेल दिसले, तर बनवणाऱ्याने चित्र दुरुस्त केले आहे असे समजावे. (लिओनार्दोने ही खोट मुद्दाम ठेवली, असे मानणारेही आहेत!) खळ लावलेल्या तागाच्या कापडाचा हवाई स्क्रू (हेलिकॉप्टरसारखे वर उडण्यासाठी कल्पिलेले मळसूत्री यंत्र) तर उडणेच शक्य नाही. माणसांच्या दंडात तेवढी ताकद नाही, शिवाय ज्या फळीवर उभे राहून ते दांडा फिरवणार, ती जमीन सुटताच उलटी फिरू लागेल. लिओनार्दोच्या नावाने चालणाऱ्या प्रदर्शनांत सायकल ठेवलेली असली, तर तिच्यावर विश्वास नको. सायकलीचे ते मूळ चित्र बहुतेक अभ्यासक नंतरच्या कोणाचे तरी मानतात.

म्हणून मॉडेलपेक्षा पाटी आधी वाचावी: कोणती वही, कितवे पान.

फ्लॉरेन्सहून एम्पोलीपर्यंत रेल्वेने साधारण अर्धा तास, पुढे दहा-अकरा किलोमीटर बस. बसच्या वेळा आधी पाहून निघावे. जन्मघर गावात नाही, तीन किलोमीटरवर अनकियानोला आहे. वाट ऑलिव्हच्या बागांतून जाते. मूळ चित्रे वा वह्या मात्र विंचीत नाहीत. ‘अटलांटिकस’ची १,११९ पाने मिलानच्या अम्ब्रोझियाना ग्रंथालयात आहेत आणि तिथेही ती थोडीथोडी, आलटून पालटून मांडतात.

– एक वाचक, पुणे